‘मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटीन’ (१९७६) : एकहाती नायकाचा विजय न्याय्य आहे का?

रानवाट

गेल्या रविवारी मी माझ्या १४ वर्षांच्या मुलीबरोबर ‘मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटीन’ हा १९७६ सालचा कुंग फू चित्रपट पाहिला आणि तेव्हापासून आमच्या घरात एका प्रश्नावरून वाद चालू आहे. हा चित्रपट मनापासून आवडणारे लोक या चर्चामंचावर नक्की असतील, म्हणून तो वाद येथे मांडते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. काळ चीनमधल्या छिंग राजवटीचा, सम्राट योंगझेंगचा. राजसत्तेसाठी काम करणारा एक अंध, वृद्ध लामा डोंगरातल्या झोपडीत राहतो. आपले दोन शिष्य एका एकहाती योद्ध्याने मारले, ही बातमी त्याला कबुतराकरवी कळते. तो स्वतःची झोपडी पेटवून देतो आणि सूड घ्यायला निघतो. साखळीला बांधलेले, टोपीसारखे एक शस्त्र त्याच्याजवळ आहे. ते शत्रूच्या डोक्यावर पडते, आतली पाती मिटतात आणि साखळीला हिसका बसताच मुंडके धडावेगळे होते. आपला शत्रू दिसतो कसा हे त्याला ठाऊक नाही, त्याला एक हात नाही एवढेच ठाऊक आहे. म्हणून वाटेत भेटेल त्या एकहाती माणसाला तो ठार करत जातो.

नायक म्हणजे तो एकहाती योद्धा. ही भूमिका जिमी वाँग यू यांनी केली आहे, आणि चित्रपटाचे लेखन व दिग्दर्शनही त्यांचेच आहे. अडचण येते ती शेवटच्या अर्ध्या तासात. अनवाणी लढणाऱ्या थाई मुष्टियोद्ध्याला नायक एका झोपडीत बोलावतो. तिची जमीन लोखंडी पत्र्याची आहे आणि बाहेरून नायकाचे शिष्य तिच्याखाली आग पेटवतात. नायकाच्या पायात जोडे आहेत. थाई योद्धा बाहेर पडू पाहतो, तेव्हा शिष्य त्याला भाल्यांनी पुन्हा आत ढकलतात. त्यानंतर अंध लामाला शवपेट्यांच्या दुकानात गाठले जाते आणि तेथे भिंतींत आधीच बसवून ठेवलेल्या कुऱ्हाडी त्याच्यावर सुटतात.

मुलगी मला म्हणाली, “आई, त्या म्हाताऱ्याची तर मुलांसारखी माणसं मारली गेली होती. मग वाईट कोण?” मला लगेच उत्तर देता आले नाही. नायक कपटाने जिंकतो, असे तुम्हाला वाटते का? आणि तसे असेल, तर हा चित्रपट आपल्याला इतका का आवडतो?

जुना तंबू

हा चित्रपट मी पहिल्यांदा १९८५ च्या सुमारास आमच्या तालुक्याच्या गावी पाहिला. वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणला होता आणि अंगणात सारी गल्ली बसली होती. कॅसेट इतकी झिजलेली होती की चित्रावरून सतत पांढऱ्या रेघा सरकत होत्या. संवाद इंग्रजीत होते आणि आमच्यापैकी फार तर तिघांना ते समजत असतील, तरी लामा झोपडी पेटवून बाहेर पडतो तेव्हा अंगणात कोणी खोकलेसुद्धा नाही.

आपल्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी वाँग यू यांच्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण हा माणूस कोण होता हे ध्यानात घेतल्याशिवाय चित्रपट नीट कळत नाही. १९६७ साली दिग्दर्शक चांग चेह यांच्या ‘द वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’ने त्यांना शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या चित्रपटसंस्थेचा सर्वांत मोठा नट बनवले. १९७० साली त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘द चायनीज बॉक्सर’पासून तलवारीऐवजी हातापायांनी लढण्याच्या चित्रपटांची लाट सुरू झाली, असे मानले जाते. ब्रूस ली यांचे हाँगकाँगमधले चित्रपट त्यानंतरचे आहेत. पुढे शॉ ब्रदर्सशी त्यांचे करारावरून बिनसले, प्रकरण कोर्टात गेले आणि ते तैवानला गेले. तेथे ना शॉसारखी भव्य चित्रनगरी होती, ना शॉसारखा पैसा. त्याच परिस्थितीत त्यांनी १९७२ साली ‘वन-आर्म्ड बॉक्सर’ केला, आणि आपण ज्यावर बोलत आहोत तो त्याचाच दुसरा भाग आहे.

म्हणजे, एकेकाळी सगळे काही हाताशी असलेला हा माणूस नंतर तुटपुंज्या साधनांनिशी काम करत होता. त्याने एकहाती नायकाची कथा पुन्हा पुन्हा सांगावी, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. नायकाचे डावपेच मला कपटाचे वाटत नाहीत. लामाच्या हाती राजसत्तेचे शस्त्र आहे आणि ते अडवायला नायकाच्या हाती नुसते बांबू आहेत.

खडीसाखर

ते शस्त्र हवेत फिरताना जो घूं घूं आवाज येतो, तो ऐकून मी लहानपणी उशी डोक्यावर धरून झोपत असे. इतक्या वर्षांत एवढी भीती मला दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाने घातलेली नाही.

तिठा

मला येथे स्पष्ट विरोध नोंदवायचा आहे. आठवणींवर आपण सर्व जण प्रेम करतो, पण चित्रपट म्हणून त्याचे मोजमाप वेगळे करायला हवे.

पहिला दोष म्हणजे मधली स्पर्धा. गरुडपंजा शैलीच्या गुरूने भरवलेल्या त्या स्पर्धेत एकामागून एक जोड्या येतात आणि लढतात. त्या अवधीत नायक नुसता प्रेक्षकांत बसलेला असतो आणि कथा जागच्या जागी थांबते. दुसरा दोष वाँग यू यांची लढण्याची पद्धत. ते उत्तम जलतरणपटू होते, देहयष्टीही चांगली होती, पण युद्धकलेतले त्यांचे शिक्षण खोल नव्हते, आणि ते प्रत्येक मुठीच्या फटक्यात दिसते. तिसरा दोष असा की बांधलेला हात अंगरख्याखाली फुगलेला स्पष्ट दिसतो.

लढतींची आखणी ज्यांनी केली, ते लाऊ कार-ल्युंग आणि लाऊ कार-विंग हे बंधू मात्र अस्सल परंपरेतले होते. त्यांचे वडील लाम साई-विंग यांचे शिष्य आणि लाम साई-विंग हे प्रख्यात कुंग फू गुरू वाँग फेई-हुंग यांचे शिष्य. म्हणजे त्या बंधूंच्या हाती कला होती, पण तिला पेलणारा नायक नव्हता. लाऊ कार-ल्युंग यांनी दोनच वर्षांनी, १९७८ साली, ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ दिग्दर्शित केला. तो पाहिल्यावर दोन्हींतला फरक लगेच कळतो.

लोखंडी चणा

मी लेथवर काम करत आलो आहे, त्यामुळे माझे लक्ष नेहमी त्या शस्त्राकडेच गेले.

चिनी भाषेत त्याचे नाव ‘शुए-दी-त्झ’ असे काहीसे आहे आणि त्यात रक्त आणि थेंब हे दोन शब्द येतात. योंगझेंग सम्राट १७२२ ते १७३५ या काळात राज्य करत होता आणि त्याच्या गुप्त मारेकऱ्यांजवळ असे शस्त्र असे, अशी दंतकथा आहे. दंतकथाच म्हणायला हवे, कारण त्या काळचा खरा नमुना कोठेही जपलेला नाही. पडद्यावर हे शस्त्र गाजवले ते शॉ ब्रदर्सच्या १९७५ सालच्या ‘द फ्लाइंग गिलोटीन’ने. ते लोकप्रिय झालेले पाहून वाँग यू यांनी आपल्या एकहाती योद्ध्यासमोर तेच आणून उभे केले. मूळ चिनी शीर्षकातच हे उघडपणे सांगितलेले आहे, की एकहाती मुष्टियोद्धा त्या शस्त्राचा पाडाव करतो.

यंत्र म्हणून ते चालणार नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो. एकाच साखळीने ते फेकायचेही आणि पातीही ओढायची, तर हवेत असताना साखळी जरा ताणली गेली तरी पाती आधीच मिटतील. शिवाय मानेचे हाड तोडण्याइतका जोर लांबून दिलेल्या हिसक्यातून मिळणे अवघड आहे. पण वाँग यू यांनी त्यात एक बदल केला आहे आणि तो मला फार आवडतो. त्यांच्या शस्त्राच्या बाहेरच्या कडेलाही करवतीसारखे दाते आहेत, त्यामुळे ते डोक्यावर बसले नाही तरी फिरत्या पात्यासारखे कापते. आणि नायक बांबूंच्या साहाय्याने ज्या रीतीने ते निकामी करतो, ती पाहून मला कारखान्यातली आठवण आली. चालू यंत्रापुढे ताकद कामाला येत नाही, त्याच्या दात्यांत अडकेल असे काहीतरी द्यावे लागते. आधी निरीक्षण केलेल्या माणसालाच हे सुचते. त्यामुळे कपटाचा आरोप मला मान्य नाही.

सांजवेळ

सर्वांचे प्रतिसाद वाचले. भारतीय प्रेक्षक म्हणून जी गोष्ट सर्वांत आधी खटकायला हवी, तिच्याविषयी अजून कोणी लिहिले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. स्पर्धेत एक भारतीय योगी येतो. एका चिनी नटाला काळपट रंग फासून आणि डोक्याला फेटा गुंडाळून ती भूमिका दिली आहे. तो लढताना त्याचे दोन्ही हात लांबच लांब होत जातात. ते खोटे हात इतके ढोबळ आहेत की फसवण्याचा प्रयत्नसुद्धा जाणवत नाही. पहिल्या भागातही असाच एक रंग फासलेला योगी होता आणि तो हातांवर उभा राहून गोल गोल धावत असे.

गंमत म्हणून सोडून द्यावे, तर हा योगी तेथेच थांबला नाही. १९९१ सालच्या ‘स्ट्रीट फायटर टू’ या जपानी व्हिडिओ गेममधला धालसिम त्याच्यावरून सुचला, असे सर्वत्र मानले जाते. त्याचेही हात लांब होतात. गळ्यात कवट्या आणि तोंडातून आग ही त्यात पडलेली भर. आमच्या लहानपणी बाजारातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानांत मुले एक-दोन रुपयांची नाणी घालून त्याच्याकडून खेळत. जगभरातल्या असंख्य मुलांना योग हा शब्द प्रथम त्याच्याकडून कळला असेल. तैवानमधल्या एका कमी पैशांच्या चित्रपटातली एक भूमिका इतक्या दूरवर जाते, तेव्हा ती निरुपद्रवी होती असे मला म्हणता येत नाही.

पुरलेला खांब

सांजवेळ, फासलेल्या रंगाबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते मला पूर्णपणे पटते. लांब होणाऱ्या हातांबद्दल मात्र मला तितकेसे वाईट वाटले नाही. चांगदेव वाघावर बसून आणि सापाचा चाबूक करून ज्ञानेश्वरांच्या भेटीला आले, ही गोष्ट ऐकत आपण वाढलो आहोत. अष्टसिद्धींमध्ये देह हवा तेवढा मोठा करण्याची महिमा ही सिद्धी आपल्याच परंपरेने सांगितली आहे. योग्याला अद्भुत सामर्थ्य असते ही कल्पना चित्रपटकर्त्यांनी कोणाकडूनही ऐकली असेल, पण मुळात ती सांगितली आपणच.

मी गेली २० वर्षे मुलांना मल्लखांब शिकवतो, म्हणून स्पर्धेतल्या एका लढतीबद्दल लिहितो. खाली उलट्या रोवलेल्या पात्यांच्या मधोमध खांब उभे आहेत आणि त्यांच्या माथ्यांवर उभे राहून दोन योद्धे लढतात. मल्लखांबाच्या टोकाला आम्ही बोंड म्हणतो. बोंडावर उभे राहायला शिकणाऱ्या मुलाचे पाय पहिले काही आठवडे थरथरतात, कारण तोल सांभाळायचा असतो तो घोट्यांनी आणि पोटाने, आणि घाबरलेले मूल आधी हात पसरते. या दृश्यात नट पाय बदलताना क्षणभर खाली पाहतात आणि मग नजर समोर नेतात. खऱ्या उंचीवर उभा राहिलेला माणूसच असे करतो. खांब किती उंच होते आणि पाती खरी होती की नाही हे सोडून द्या, पण ते नट खरोखर खांबांवर उभे होते एवढे नक्की. तिठा म्हणतात की स्पर्धेत कथा थांबते. मी ती स्पर्धा माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवली आहे.

नायक टोपलीच्या काठावरून चालतो आणि पुढे भिंतीवरून छतावर जातो, ती मात्र चित्रणातली करामत आहे. पण त्याआधी तो शिष्यांना श्वास कसा धरावा हे समजावतो, आणि त्यामुळे ती करामतही आपण मान्य करून टाकतो.

चाओ फ्रायाकाठी

मी नोकरीनिमित्त ११ वर्षे बँकॉकमध्ये राहते आणि येथे मुए थाईच्या, म्हणजे थाई मुष्टियुद्धाच्या, लढती नियमितपणे पाहते, म्हणून थाई योद्ध्याविषयी दोन शब्द लिहिते.

लढतीपूर्वी तो वाद्यांच्या साथीवर संथ नृत्य करतो. आपल्याकडच्या अनेकांना ते वेळकाढूपणाचे वाटले असेल, पण तो ‘वाइ ख्रू’ हा विधी आहे आणि त्याचा अर्थ गुरुवंदना असाच आहे. यातला ‘ख्रू’ हा शब्द आपल्या ‘गुरू’चाच भाऊ आहे. येथे आजही प्रत्येक लढतीपूर्वी तो होतो. गुरूने डोक्यावर चढवलेले ‘मोंगखोन’ नावाचे कडे घालून योद्धा वंदन करतो आणि मग ते उतरवून लढायला उभा राहतो. वाजणारे सुषिर वाद्य ऐकले, तर आपल्या सनईची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

चित्रपटात ही भूमिकाही चिनी नटाने केली आहे आणि त्या योद्ध्याला क्रूर रंगवले आहे, हे खरे. तरी वंदनाला मात्र पुरेसा वेळ दिला आहे. त्यामुळेच तापलेल्या पत्र्याचे दृश्य मला पाहवत नाही. ज्या पायांनी त्याने गुरूला वंदन केले, तेच पाय भाजत असतात. माझे मत रानवाट यांच्या मुलीच्या बाजूने आहे.

अक्षांश

या चित्रपटाच्या संगीताविषयी कोणी लिहिलेच नाही, म्हणून मी लिहितो.

लामा पडद्यावर येतो तेव्हा जे जड, खोलवर घरघरणारे, लोखंड ओढत नेल्यासारखे संगीत वाजते, ते चित्रपटासाठी केलेले नाही. ते ‘नॉय’ या जर्मन वाद्यवृंदाचे आहे. इतरत्र ‘टँजरीन ड्रीम’ आणि ‘क्राफ्टवेर्क’ या जर्मन वाद्यवृंदांचे तुकडेही ऐकू येतात. त्या काळी हाँगकाँग आणि तैवानच्या चित्रपटांत परदेशी तबकड्यांवरचे संगीत परवानगीशिवाय उचलणे सर्रास चाले. संगीतकारांवर तो अन्याय होता, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही.

पण या तुकड्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. ‘नॉय’मध्ये क्लाउस डिंगर आणि मिखाएल रोटर असे दोघेच होते. १९७३ साली आलेल्या त्यांच्या दुसऱ्या तबकडीचे काम चालू असताना पैसे संपले आणि दुसरी बाजू रिकामी राहिली. तेव्हा त्यांनी आधीच काढलेली आपलीच एक छोटी तबकडी घेतली आणि ती वेगवेगळ्या गतीने वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रित केली. मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी १६ फेऱ्यांनी वाजवली, की गती जवळजवळ एक तृतीयांश होते आणि ढोलाचा प्रत्येक ठोका दरीत पडल्यासारखा घुमतो. त्या तुकड्याचे नाव ‘सुपर १६’, आणि लामासोबत वाजते ते हेच.

पैसे संपले म्हणून जन्मलेले संगीत डसेलडॉर्फहून निघाले आणि पैसे नसलेल्या तैवानी चित्रपटात येऊन बसले. मुद्दाम ठरवून केले असते, तरी त्या अंध वृद्धाच्या चालीला इतके चपखल संगीत सापडले नसते. पुढे २००३ साली अमेरिकी दिग्दर्शक क्वेंटिन टॅरेंटिनो यांनी ‘किल बिल’च्या पहिल्या भागात हाच तुकडा वापरला, आणि त्याचे कारण हा चित्रपटच होता, हे ऐकताक्षणी कळते.

तिठा

अक्षांश, ही माहिती मला नवीन होती. मी काल रात्री कानाला हेडफोन लावून सुरुवातीची १५ मिनिटे पुन्हा पाहिली. झोपडी जळण्याच्या प्रसंगाबाबत मी माझे मत बदलतो. तो प्रसंग खरोखर उत्तम आहे. लामाची भूमिका करणारे काम काँग तेव्हा वृद्ध नव्हते, तरी लांब पांढऱ्या भुवया आणि मिटलेले डोळे यांच्या आड त्यांनी उभे केलेले म्हातारपण खरे वाटते. आवाजाच्या दिशेला ते आधी कान वळवतात आणि मान मागून येते, हे मी पूर्वी कधी पाहिलेच नव्हते.

बांधलेल्या हाताबद्दलचा माझा आक्षेप मात्र कायम आहे.

एकतारी

मी येथे फारसे लिहीत नाही. पण बांधलेल्या हाताचा उल्लेख दोनदा झाला आहे, म्हणून लिहितो. वयाच्या २२ व्या वर्षी मी काम करत असलेल्या ठिकाणी यंत्रात सापडून माझा उजवा हात कोपराखाली गेला. त्याला आता ३१ वर्षे झाली.

हा चित्रपट मी अपघातानंतर दुसऱ्या वर्षी पाहिला. अंगरख्याखालचा हात मलाही दिसला होता. तरीही मी तो पुन्हा पुन्हा पाहिला, कारण एक हात नसलेला माणूस त्यात एकदाही रडत नाही, त्याच्या नशिबावर कोणी गाणे म्हणत नाही आणि त्याची कोणाला दयाही येत नाही. तो गुरू आहे, त्याची शाळा आहे, आणि तरुण मुले त्याचे ऐकतात. आपल्याकडच्या चित्रपटांत तेव्हा मला असा माणूस सापडला नव्हता.

आता कपटाविषयी लिहितो. दोन हात असलेल्यांना एक गोष्ट सहसा जाणवत नाही. एका हाताने जगणाऱ्याला काम सुरू होण्याआधी जागा लावून ठेवावी लागते. सुरीने कांदा चिरायचा, तर तो धरायला दुसरा हात हवा. विळीवर मात्र पाते स्थिर असते, पाट पायाखाली दाबलेला असतो आणि कांदा एका हाताने पात्यावर नेता येतो. म्हणून अपघातानंतर मी आईकडून विळी मागून घेतली आणि घरातली भाजी तेव्हापासून मीच चिरतो. डब्याचे झाकण उघडायला मी ओट्याच्या कडेला लाकडाची खाच करून घेतली आहे. बसमध्ये चढण्याआधी दांडा कोणत्या बाजूला आहे हे पाहतो. माझे अर्धे काम प्रत्यक्ष काम सुरू होण्यापूर्वीच झालेले असते.

शवपेट्यांचे दुकान मी त्या नजरेने पाहतो. नायकाला ठाऊक आहे की मोकळ्या मैदानात तो मरेल. म्हणून तो लढाईची जागा स्वतः निवडतो आणि ती आधी लावून ठेवतो. दोन हातांच्या माणसाला हे कपट वाटेल, पण मी रोज सकाळी स्वयंपाकघरात हेच करतो. लोखंडी चणा यांनी बांबूबद्दल लिहिले आहे, तेही यातलेच.

पत्र्याच्या झोपडीचे समर्थन मात्र मलाही करता येत नाही. जागा लावणे वेगळे, आणि बाहेर पडू पाहणाऱ्याला भाल्यांनी आत ढकलणे वेगळे. तेथे नायक एकटा लढत नव्हता.

रानवाट ताई, आपल्या मुलीला आणखी एक गोष्ट दाखवा. जेवणाचे पैसे चुकवण्यासाठी ‘मीच तो एकहाती योद्धा’ असे सांगणारा एक भिकारी खानावळीत मारला जातो आणि पुढे स्पर्धेतला एक एकहाती स्पर्धकही. दोघांचाही काही अपराध नव्हता. एक हात नाही एवढ्या ओळखीवर त्यांना संपवले गेले. माझे नाव विसरून ‘तो थोटा’ एवढेच लक्षात ठेवणारी माणसे मला आयुष्यभर भेटली आहेत. त्यामुळे लामाचे दुःख मला समजते, पण त्याचा सूड मला मान्य होत नाही. ज्याच्यावर सूड घ्यायचा, तो माणूस कोण आहे हे विचारण्याचे कष्टही त्याने घेतले नाहीत.

खडीसाखर

एकतारी दादा, तुमचा प्रतिसाद मी घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला.

सांजवेळ

एकतारी, माझा योग्याविषयीचा आक्षेप आणि तुमचा भिकाऱ्याविषयीचा मुद्दा एकच आहे, हे मला तुमचे लिखाण वाचून उमगले. माणसाऐवजी त्याची एखादीच खूण पाहिली जाते. योग्याच्या बाबतीत तो दोष चित्रपटकर्त्यांचा आहे. भिकाऱ्याच्या बाबतीत मात्र तेच चित्रपटकर्ते तो दोष खलनायकाच्या अंगी दाखवतात. एकाच चित्रपटात या दोन्ही गोष्टी आहेत.

तिठा

बांधलेल्या हाताचा आक्षेप मी मागे घेतो. तांत्रिकदृष्ट्या तो खरा आहे, पण एकतारी यांनी जे पाहिले त्यापुढे मला तो महत्त्वाचा वाटत नाही.

रानवाट

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी आणि माझ्या मुलीने शेवटचा अर्धा तास पुन्हा पाहिला. त्याआधी एकतारी दादांचा प्रतिसाद मी तिला वाचायला दिला होता. शवपेट्यांच्या दुकानात ती या वेळी काही बोलली नाही. झोपडीच्या प्रसंगी मात्र तिने चित्रपट थांबवला आणि बँकॉकच्या ताईंचे म्हणणे बरोबर आहे असे सांगितले.

तिचा मूळ प्रश्न मात्र अजून तसाच आहे. शिष्य मेल्याचे दुःख असलेला म्हातारा वाईट कसा, आणि ते शिष्य मुळात का मेले, हे ती विचारते आहे. या चित्रपटात ते कोठेच नीट सांगितलेले नाही.

जुना तंबू

त्याचे उत्तर १९७२ सालच्या पहिल्या भागात आहे. त्यात नायकाचे दोन्ही हात शाबूत आहेत आणि तो एका शाळेतला विद्यार्थी आहे. शत्रूची टोळी पैसे मोजून परदेशी लढवय्ये आणते आणि नायकाची शाळा, त्याचे गुरू व गुरुबंधू यांचा संहार करते. त्याच हल्ल्यात त्याचा हात जातो. भाड्याने आणलेल्या त्या लढवय्यांत अंग फुगवणारे दोन लामा आहेत. कबुतराने आणलेल्या चिठ्ठीत ज्यांच्या मृत्यूची बातमी होती, ते हेच दोघे.

त्यांनी काय केले होते, हे चिठ्ठीत लिहिलेले नसावे. लिहिले असते, तर म्हाताऱ्याने झोपडी पेटवली असती की नाही, हे मुलीला पहिला भाग पाहून झाल्यावर विचारा.

रानवाट

शनिवारी पाहतो. ती काय म्हणते ते येथेच लिहीन.